मुसीकाठची प्रार्थना

सोलापूर मागे टाकून गाडी वाडी जंक्शनवरून पुढे निघाली, की मराठी प्रवाशाच्या कानांवर तेलुगू व उर्दू शब्द पडू लागतात. तरीही हैदराबाद त्याला सर्वस्वी परके वाटत नाही. आपला मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत याच शहरातून निजामाच्या सत्तेखाली होता आणि पुढे १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्याचाच भाग राहिला. येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे आजही भेटतात. चारमिनार आणि गोवळकोंडा यांची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. आम्ही त्यांना आज नेणार आहोत ते तीन निराळ्या ठिकाणी. आपली इच्छा देवाच्या इच्छेशी जुळवून घेणे म्हणजे काय, या प्रश्नाचा धडा ही तीन ठिकाणे आपापल्या परीने देतात, असे आम्हांस वाटते.

हुसेनसागराचा जुना बांध ओलांडला की सिकंदराबाद लागते. तिसरे निजाम सिकंदर जाह यांचे नाव धारण करणारे हे गाव ब्रिटिश छावणीभोवती वाढले. येथील सेंट मेरीज हे मंदिर १८५० साली उभे राहिले व २००८ साली त्यास बॅसिलिकाचा मान मिळाला. उंच, टोकदार कमानींचे हे मंदिर उभारणारे धर्मगुरू डॅनियल मर्फी हे मूळचे आयर्लंडमधील कॉर्क परगण्याचे. १८३८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली, तरुणपणीच ते मद्रासकडे आले आणि हैदराबादचे पहिले व्हिकर अपोस्तोलिक झाले. परंतु ऐन उमेदीत प्रकृतीने दगा दिला. १८६४ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांना हा देश सोडावा लागला. हाताशी काम होते, माणसे जमली होती, मंदिर उभे होते आणि शरीर साथ देईना! अशा वेळी ख्रिस्ती माणसाने काय मागावे? आरोग्य मागावे, यात काहीच गैर नाही. परंतु पुढील वृत्तांत ऐकण्याजोगा आहे. मर्फी यांना टास्मानिया बेटावरील होबार्ट येथे बिशप म्हणून पाठविण्यात आले. १८८८ साली ते तेथे आर्चबिशप झाले आणि डिसेंबर १९०७ मध्ये, ९२ वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला. ज्या आजाराने त्यांचे हैदराबादचे कार्य थांबविले, त्यानंतर प्रभूने त्यांच्याकडून चाळीस वर्षांहून अधिक काळ सेवा घेतली. दार बंद झाले ते एका खोलीचे, घराचे नव्हे.

ही कथा इथेच संपविली तर ती फार गोड होईल, आणि गोड कथांनी दुःखी माणसाचे समाधान होत नाही. म्हणून आता मुसी नदीकाठी, अफझलगंजास जाऊ. येथील उस्मानिया इस्पितळाच्या आवारात चिंचेचे एक पुरातन झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा सुमारे १५,००० सांगितला जातो. त्या प्रलयात सुमारे १५० माणसे या झाडाच्या फांद्यांना धरून राहिली व वाचली. त्या झाडाखाली उभे राहिले असता मनात एक प्रश्न उठतो, आणि तो दाबून टाकणे प्रामाणिकपणाचे नव्हे. फांदीवरच्यांनी देवाचा धावा केला असेल. पाण्यातल्यांनीही केला असेल. मग पहिल्यांची प्रार्थना ऐकली आणि दुसऱ्यांची नाही, असे म्हणावे काय?

तसे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या घरातील मूल दगावले, त्या घरात जाऊन ‘देवाची इच्छा!’ असे म्हणून चटकन मोकळे होणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्या दोन शब्दांनी आईचे हृदय देवापासून दूर जाते. गेथशेमाने बागेत प्रभु येशूने काय केले ते आठवावे. दुःखाचा प्याला टळावा, अशी त्याने उघड विनंती केली; त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा भुईवर पडत होता, असे संत लूक सांगतो. विनंती केल्यावर मगच त्याने आपली इच्छा पित्याच्या स्वाधीन केली. प्याला टळला नाही. परंतु पुत्र पित्यापासून तुटला नाही, आणि तिसऱ्या दिवशी थडगे रिकामे झाले. पुराच्या पाण्यात ज्यांचे हात सुटले, त्यांनाही धरणारा हात होता, हा आपला विश्वास आहे. डोळ्यांनी दिसणारा पुरावा नव्हे.

मुसी आणखी एक गोष्ट शिकविते. पुरानंतर हैदराबादचे लोक नशिबास बोल लावून स्वस्थ बसले नाहीत. विश्वेश्वरय्यांसारख्या निष्णात अभियंत्यास पाचारण करण्यात आले. १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर असे दोन जलाशय बांधून झाले. पुढे कित्येक वर्षे शहराने त्यांचेच पाणी प्यायले. देवाची इच्छा मान्य करणे म्हणजे हात बांधून बसणे असते, तर हे बांध कोणी घातले असते? शेजारी सुरक्षित राहावा, तहानेल्यास पाणी मिळावे, हीसुद्धा देवाचीच इच्छा आहे. जे आपल्या हातात आहे ते जिवापाड करावे आणि जे हातात नाही ते त्याच्या हाती द्यावे; प्रार्थना या दोहोंतील भेद ओळखण्यास शिकविते.

शेवटी गनफाउंड्री भागातील संत योसेफाच्या कॅथेड्रलकडे वळू. मिलानच्या मिशनऱ्यांच्या परिश्रमांतून उभारलेले हे मंदिर १८७५ सालच्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले. येथे मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पाची प्रतिकृती आहे: मृत पुत्र मांडीवर घेतलेली पवित्र मरिया. नाझरेथात तरुण वयात देवदूताला तिने होकार दिला, तेव्हा हे ओझे तिला दिसत होते काय? होकार एकदाच उच्चारला. तो निभवावा लागला जन्मभर. आणि ज्याचे नाव या मंदिरास आहे, त्या संत योसेफाचा तर एकही शब्द शुभवर्तमानात नोंदलेला नाही. स्वप्नात आज्ञा झाली, तो उठला आणि निघाला. काही होकार ओठांनी द्यावयाचे असतात, काही पायांनी.

वाचकहो, प्रभूने शिकविलेली प्रार्थना आपण रोज म्हणतो. पित्याची इच्छा पूर्ण व्हावी हे मागणे तीत रोजच्या भाकरीच्या मागण्यापूर्वी येते, हा क्रम ध्यानात घ्यावा. मुलाची नोकरी, मुलीचे लग्न, घरातील आजारपण, जे मागावयाचे ते मोकळेपणाने मागावे. बापापाशी लेकराने लाजू नये. मागून झाल्यावर मात्र लगेच उठून जाऊ नये. घटकाभर गप्प बसावे आणि विचारावे, ‘प्रभो, यात माझ्याकडून तुला काय हवे आहे?’ उत्तर त्याच दिवशी मिळेल असे नाही. परंतु रोज विचारणाऱ्याचे मन हळूहळू वळते, आणि एके दिवशी त्याच्या ध्यानात येते की, आपण आता देवाला आपल्या बाजूस ओढीत नसून स्वतःच त्याच्या बाजूस सरकलो आहोत. आज रात्री कुटुंबाची रोझरी संपल्यावर ती शांत घटका आपल्या घरी अवश्य पाळावी.