मागचं बाक

परवा बऱ्याच वर्षांनी फोर्टात काम निघालं. काम झालं दहा मिनिटांत, आणि पाय आपोआप हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमसकडे वळले. चर्चगेट स्टेशनला ज्याच्यामुळे नाव मिळालं, तेच हे चर्च. किल्ल्याचा इकडे येणारा दरवाजा १८६०च्या दशकात पाडला, नाव मात्र राहिलं.

हे चर्च म्हणजे परदेशात पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांचं देऊळ. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, वर्षाला दहा पौंड भाड्यानं! इथे पोर्तुगीजांची कॅथलिक चर्चेस होती, पण या प्रोटेस्टंट इंग्रजांना आपलं असं काही नव्हतं. किल्ल्यातल्या एका खोलीत प्रार्थना चाले. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरनं १६७६ च्या सुमारास बांधकाम काढलं. भिंती पंधराएक फूट वर आल्या, १६७७ मध्ये ऑन्जियर सुरतेत वारला आणि काम थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. (आपल्या सोसायटीच्या हॉलची आठवण आली ना?) पुढे रिचर्ड कॉब नावाचा पाद्री आला. त्यानं वर्गणीसाठी सगळ्यांच्या मागे तगादा लावला आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. कॅथीड्रल झालं ते १८३७ मध्ये.

त्या नाताळची एक गोष्ट कॉबनंच लिहून ठेवली आहे. रामा कामती आपल्या जातभाईंना घेऊन आला होता आणि प्रार्थना संपेपर्यंत सगळे बाहेर उभे राहून बघत होते. हा रामा कामती म्हणजे कंपनीच्या देशी शिपायांचा पुढारी, बडी असामी. वाळकेश्वरचं देऊळ १७१५ मध्ये त्यानंच पुन्हा बांधलं. दोनच वर्षांनी, १७२० मध्ये, कान्होजी आंग्र्यांना फितूर असल्याचा आरोप ठेवून याच इंग्रजांनी त्याला जन्मठेप दिली. मालमत्ता जप्त. १७२८ मध्ये तो कैदेतच मेला. पुरावा म्हणून दाखवलेली पत्रं बनावट होती, हे नंतर उघड झालं. नंतर!

आता बाबांबद्दल. घरातल्या बऱ्याच जणांना हे माहीत नाही, पण आता लिहायला हरकत नाही.

१९७८ मध्ये बाबांना ऑफिसातून सस्पेंड केलं. एका व्हाउचरवर त्यांची सही होती आणि पैसे नव्हते. सही त्यांची नव्हती, पण ऐकतो कोण? आईला सगळं माहीत होतं, चाळीत कुणालाच नाही. म्हणून बाबा रोज नेहमीच्याच लोकलनं डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर फोर्टात फिरायचे. दुपारी या चर्चमध्ये येऊन बसायचे, कारण ऑफिसातलं कुणी इथे फिरकत नसे. पावणेतीन वर्षं! मग चौकशीत ते निर्दोष ठरले, थकलेला पगारही मिळाला. पण आमच्या एका जवळच्या नातेवाइकानं मधल्या काळात त्यांना विचारलं होतं, "खरं सांग, घेतलेस का?" बाबा ते कधी विसरले नाहीत. त्या घरच्या लग्नाला गेले, जेवले, पण पुन्हा मोकळेपणानं बोलले नाहीत. मला हे त्यांनी सांगितलं ते रिटायर झाल्यावर, गॅलरीत लसूण सोलता सोलता.

रामा कामतीबद्दल मी वाचलं ते बाबा गेल्यावर. सांगायचं राहून गेलं.

परवा मी सर्वात मागच्या बाकावर बसले. ते नेमकं कुठे बसायचे कुणास ठाऊक. भिंतीवर संगमरवरी स्मृतिशिला, सगळ्या साहेब लोकांच्या. पंख्यांची घरघर. पर्समध्ये डबा होता, पण आत खायचा धीर झाला नाही. समोरच्या बागेत जाऊन खाल्ला. बाबा म्हणे आतच खायचे, झाकण अर्धंच उघडून. वास येऊ नये म्हणून आई त्यांना बटाट्याची कोरडी भाजी द्यायची, फोडणीत लसूण न घालता.