नजर ठरते तिथे

पिंपळे सौदागर

ती. सौ. आत्यास,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘नटूनथटून, लोकांपुढे केलेलं नाचणं भक्ती कशी गं?’ तुझ्यासारख्या माळकरणीचा प्रश्न. म्हणून सावकाश लिहिते आहे.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी माझा भरतनाट्यमचा वर्ग भरतो. मुली आधी भूमीला नमस्कार करतात. पुढचा तासभर तिच्यावर पाय आपटायचे, त्याची क्षमा आधीच मागायची. मग अरमंडी: गुडघे बाहेर, पाठ ताठ, आणि ‘तै या तै’. मांड्या भरून येतात, तरी बैठक मोडायची नाही.

सध्या यशोदेचं पद शिकवते आहे. समोर लोण्याने माखलेला कृष्ण आहे असं धरायचं. पोर जेमतेम यशोदेच्या कमरेएवढं. नजर तेवढ्यावरच ठरली पाहिजे. वीतभर वर सरकली की कृष्ण नाहीसा होतो, मागे उरतात नुसते हातवारे. परवा एकीची नजर अशी ठरली की कडेला बसलेल्या आयासुद्धा त्या मोकळ्या जागेकडे बघू लागल्या. ‘अभिनयदर्पणा’त नंदिकेश्वरांनी हातामागे नजर आणि नजरेमागे मन जावं असं सांगितलंय. मला तर ही उपासनाच वाटते. न दिसणाऱ्याला इतकं एकाग्रतेने बघायचं, की शेजारच्यालाही तो दिसावा. कीर्तनकार तरी दुसरं काय करतो? तोही लोकांपुढेच उभा असतो ना?

‘हे मद्रासकडचं’ असंही तू म्हणालीस. पण आत्या, भरतनाट्यमच्या प्रयोगाचा अलारिपूपासून तिल्लाण्यापर्यंतचा आजचा क्रम ज्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या भावांनी बसवला, त्यांना तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांचा (कारकीर्द १७९८–१८३२) आश्रय होता. राजांनी स्वतः नृत्यासाठी मराठी रचना केल्या. गुरू पार्वतीकुमारांनी त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या, आणि त्यांच्या शिष्या सुचेताताई भिडे-चापेकरांनी भरतनाट्यम हिंदुस्थानी संगीतावर बांधून ‘नृत्यगंगा’ उभी केली.

मुळात नाचाची ही विद्या पिढ्यान् पिढ्या सांभाळली ती देवदासींनी. मुली देवाला वाहण्याची प्रथा मद्रास प्रांतात १९४७च्या कायद्याने बंद झाली, ते योग्यच झालं. पण समाजाने त्या बायकांसोबत त्यांची विद्याही हलकी ठरवली, हा अन्याय होता. त्याच परंपरेतल्या बालसरस्वतींनी नृत्याच्या क्रमाला देवळाची उपमा दिली: गोपुरातून आत शिरायचं, मंडप ओलांडायचा, गाभाऱ्याशी पोहोचायचं. ज्यांना लोकांनी नावं ठेवली, त्यांनीच या नाचातला देव जपला. म्हणून पायांत घुंगरू बांधताना मी त्यांना मनोमन हात जोडते.

आता एक मागणं. तुमच्या भजनात म्हणता ती एखादी गवळण तुझ्या आवाजात मोबाइलवर पाठव. तालाची चिंता करू नकोस, नेहमीसारखी म्हण. मुलींना तिच्यावर अभिनय शिकवायचा आहे. बसवून झाली की तू इकडे ये, सर्वात आधी तुलाच दाखवू.

आतोबांना नमस्कार.

तुझी,
भाची