चिकन ६५ नेमकं कुठं खावं?

आमच्या देवळाली प्रवरात घरी पाहुणे आले की संध्याकाळी एक प्रश्न हमखास निघतो: चिकन ६५ कुठलं चांगलं? मग पुरुष मंडळी तावातावाने बोलू लागतात. एक म्हणतो, राहुरी फॅक्टरीला हायवेच्या कडेला मिळतं तसं दुसरीकडे नाही. दुसरा श्रीरामपूरचं नाव घेतो. नगरला शिकणारा भाचा झेंडीगेट आणि मुकुंदनगरची बाजू लावून धरतो. माझे मिस्टर मूळचे मराठवाड्याकडचे, त्यामुळे त्यांच्या मते संभाजीनगरच्या शहागंजपुढे बाकी सगळं फिकं.

या चर्चेत आम्हा बायकांचं मत कुणी विचारत नाही. आमच्याकडे मत असायला तशी जागाही नाही, कारण यातल्या प्रत्येक गाड्याचं चिकन आमच्यापर्यंत एकाच रूपात पोहोचतं. ते म्हणजे पार्सल.

तळलेलं चिकन कढईतून निघाल्यावर पाच-दहा मिनिटंच खरं असतं. बाहेरचा थर कुरकुरीत, आतलं मांस रसाळ, कढीपत्त्याचं पान दाताखाली मोडणारं. तेच कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि वर गाठ मारली की आत वाफ कोंडते. त्या वाफेने थर ओला होतो आणि मसाला सुटून कागदाला लागतो. दोन-तीन किलोमीटरवरून मोटारसायकलवर घरी येईपर्यंत त्याचं लिबलिबीत काहीतरी झालेलं असतं. आमच्या घरात तीन पिढ्यांच्या बायकांनी चिकन ६५ म्हणून हेच खाल्लं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मींना, कितीतरी वर्षं वाटत होतं की हा पदार्थच मऊ असतो.

हा पदार्थ मूळचा चेन्नईचा. तिथल्या माउंट रोडवर, ज्याला आता अण्णा सलाई म्हणतात, बुहारी हॉटेल आहे. ए. एम. बुहारी यांनी कोलंबोत हॉटेलच्या धंद्याचा अनुभव घेतला आणि १९५१ मध्ये त्या वेळच्या मद्रासमध्ये हे हॉटेल सुरू केलं. तिथे १९६५ साली हे तिखट तळलेलं चिकन पहिल्यांदा यादीत आलं, म्हणून त्याचं नाव चिकन ६५, असं हॉटेलवाले सांगतात. पुढे त्यांनी चिकन ७८, ८२ आणि ९० अशी सालांचीच नावं दिलेले पदार्थही काढले. लोकांचं मात्र एवढ्या साध्या उत्तराने समाधान होत नाही. कुणी म्हणतं कोंबडी ६५ दिवसांची असते, कुणी म्हणतं ६५ मिरच्या पडतात, कुणी सांगतं की तमिळ न येणारे फौजी यादीतला ६५ वा नंबर दाखवून मागवायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने तर एका किलोचे ६५ तुकडे करतात असं मोठ्या खात्रीने सांगितलं होतं.

चेन्नईतून हे हैदराबादला गेलं, तिथे त्यात दही आणि कढीपत्ता वाढला आणि ते लग्नाच्या दस्तरखानावर बिर्याणीच्या आधी येऊन बसलं. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. खाण्याची, बोलीची, सोयरिकीची ये-जा अजून तुटलेली नाही, त्यामुळे नान-कलियाच्या शहरात चिकन ६५ रुजायला वेळ लागला नाही. आमच्याकडे ते आलं ते हातगाड्यावरून. कॉर्नफ्लॉवरचा जाड थर, भडक लाल रंग, वजनावर विक्री, सोबत कांदा आणि लिंबू. पाव किलो, अर्धा किलो अशी मागणी करायची आणि उभ्या उभ्या खायचं. उभं राहून खायचं म्हटल्यावर ते पुरुषांचं झालं.

काही वर्षांपूर्वी अम्मींच्या डोळ्यांच्या उपचारासाठी आम्ही दौंडहून गाडी धरून चेन्नईला गेलो. तपासणी आटोपल्यावर मिस्टर म्हणाले, आलोच आहोत तर बुहारीत जेवू. अम्मी नको नको म्हणत होत्या. हॉटेलात बसून खायची सवय नाही, वर डोळ्यांत औषध घातलेलं. आत गेलो तर टेबलांवर कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली. बुरख्यातल्या बायका, साडीतल्या बायका, लहान मुलं, एकट्याच जेवायला आलेल्या दोन नोकरदार मुली. आमच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. चिकन ६५ आलं ते आपल्याकडच्यापेक्षा कोरडं होतं, मसाला मांसाला घट्ट धरून बसलेला. अम्मींनी एक तुकडा तोंडात घातला, पटकन बाहेर काढला, फुंकर मारली आणि पुन्हा खाल्ला. मग मला म्हणाल्या, "अगे, ये तो कुरकुर बजता है!"

मिस्टर हसले. मला हसू आलं नाही. अम्मींचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. त्यांच्या दोन्ही मुलांनी आणि आमच्या सासऱ्यांनी त्यांना कधी काही कमी पडू दिलं नाही. दर ईदला, दर पाहुण्याला, पगाराच्या दिवशी, आठवणीने त्यांच्यासाठी पार्सल आणलं. प्रेम होतं, पैसा होता, आठवण होती. फक्त ज्या जागी तो पदार्थ गरम मिळतो तिथे त्यांना बसायला जागा नव्हती, आणि ही उणीव आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. अम्मींच्यासुद्धा.

अमेरिकेत नॅशव्हिल नावाचं शहर आहे. तिथेही तिखट तळलेलं चिकन असंच प्रसिद्ध आहे. पांढऱ्या पावावर लालभडक तुकडा आणि वर लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या. त्याची जी कहाणी सांगतात ती ऐकण्यासारखी आहे. १९३० च्या दशकात थॉर्नटन प्रिन्स नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ रात्र बाहेर घालवून घरी आला. घरातल्या बाईने चिडून अद्दल घडवायची म्हणून त्याच्या चिकनवर भरमसाठ तिखट ओतलं. त्याला ते इतकं आवडलं की पुढे त्याने त्याचंच दुकान काढलं. काळे-गोरे वेगळे बसण्याचा तो काळ. त्या दुकानात काळे लोक पुढे बसायचे आणि गोऱ्या गिऱ्हाइकांना मागच्या खोलीत बसावं लागे, असं सांगतात. दुकानावर प्रिन्स हे नाव आजही आहे. १९८० पासून ते त्याच घराण्यातल्या आंद्रे प्रिन्स जेफ्रीज या बाईंनी नावारूपाला आणलं. पण तिखट ओतणाऱ्या त्या पहिल्या बाईचं नाव कहाणीत येत नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या एका विद्यार्थिनीची आई आठवली. तिच्या वडिलांचा चिकन ६५ चा गाडा आहे. गाड्यावर नाव मुलाचं आहे. जुहरनंतर घरात आई बसते. कोंबडीचे तुकडे धुऊन निथळणं, आलं-लसूण वाटणं, दही, मिरचीपूड, मिरी, हळद, मीठ लावून ते मुरवत ठेवणं, कांदे कापणं, चटणी वाटणं, हे सगळं तिचं. असरनंतर तो डबा गाड्यावर जातो. रात्री रिकामा डबा आणि तेलकट कढई परत तिच्याकडेच येते. पालकसभेला ती आली होती तेव्हा मी तिला म्हटलं, "तुमच्या गाड्याचं चिकन सगळीकडे गाजतंय." ती लाजली आणि म्हणाली, "बाजी, मी तिथं कधी गेलेच नाही. उरलं तर रात्री खाते."

म्हणजे चेन्नई असो, नॅशव्हिल असो, की आमचा हायवे, ज्या हातांनी चव दिली त्या हातांपर्यंत ती गरम पोहोचत नाही.

आपल्या बायका बाहेर बसून खातच नाहीत असंही नाही. रमजानच्या रात्री बघा. मुंबईत मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत, तरावीहनंतर आजीपासून नातीपर्यंत सगळ्या बाकड्यांवर बसून तळलेलं, भाजलेलं, गोड, तिखट सगळं खातात. पुण्यात मोमीनपुऱ्यात तेच. त्या महिन्यात रस्त्यावर खाणं बायकांना शोभत नाही असं कुणाला वाटत नाही. मग ईदचा चांद दिसला की बाकडी उचलली जातात आणि पुढचे अकरा महिने पुन्हा पार्सल. जी गोष्ट मुबारक महिन्यात चालते ती इतर महिन्यांत का चालू नये, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पडदा, अदब, हया हे सगळं बाकड्यावर बसूनही सांभाळता येतं. रमजानमध्ये आपण ते सांभाळतोच.

आता प्रश्नाचं सरळ उत्तर. चिकन ६५ कुठं खावं, याची माझी परीक्षा चार गोष्टींची आहे.

पहिली, कोंबडी कुणाकडून येते. आपल्या ओळखीच्या कसायाकडून हलाल माल घेणारा गाडेवाला विचारल्यावर रागवत नाही, उलट अभिमानाने नाव सांगतो. हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

दुसरी, तेल. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात आरोग्याला घातक घटक वाढत जातात. ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गाड्यावर मोजायचं यंत्र नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तेल काळपट झालंय, घट्ट झालंय, कढईत फेस धरतोय, धुराने घसा खवखवतोय, तर तिथून निघावं.

तिसरी, रंग. बोटं दुसऱ्या दिवशीपर्यंत लाल राहिली तर तो मिरचीचा रंग नव्हे. शेजारच्या कर्नाटकात याच तळलेल्या लाल चिकनला कबाब म्हणतात. तिथल्या सरकारने जून २०२४ मध्ये त्यात कृत्रिम रंग घालायला बंदी केली. बेडगी किंवा काश्मिरी मिरचीने पुरेसा लाल रंग येतो. थोडा कमी भडक दिसेल, पण आपण ते आपल्या लेकरांना भरवतो.

चौथी गोष्ट मी चेन्नईहून आल्यावर जोडली. घरातली सर्वांत म्हातारी बाई तिथे बसून ते गरम खाऊ शकते का? पहिल्या तीन परीक्षांत उतरणारे गाडे आपल्या तालुक्यात सापडतील. चौथीत बहुतेक नापास होतात.

काही भगिनी म्हणतील, एवढं कशाला, घरीच तळावं. जरूर तळावं, मीही तळते. पण घरी कढईपाशी कोण उभं असतं? पहिला घाणा मुलांचा, दुसरा पाहुण्यांचा, तिसरा मिस्टरांचा. शेवटच्या घाण्यातले चुरा झालेले तुकडे तिच्या ताटात येतात, तेही ओटा पुसून झाल्यावर. घरीसुद्धा तिचं पार्सलच होतं. म्हणून आमच्या घरात आता असा रिवाज आहे की चिकन ६५ चा दिवस असला की मुरवण मी लावते आणि तळायला मोठा मुलगा उभा राहतो. तो बारावीला आहे. पहिल्या वेळी त्याने अर्धं करपवलं, तरी अम्मींनी ते शेवटपर्यंत खाल्लं.

आणि पार्सलच आणायचं असेल तर गाडेवाल्याला पिशवीला गाठ मारू देऊ नका. कागदाचं तोंड उघडं ठेवा, कांदा-लिंबू वेगळं बांधून घ्या, घरी आल्यावर तेल न घालता तापलेल्या तव्यावर दोन मिनिटं परता. हॉटेलची सर येणार नाही, पण कुरकुर थोडी परत येते.

गेल्या हिवाळ्यात मी त्या विद्यार्थिनीच्या वडिलांशी बोलले. गाड्याच्या मागच्या बाजूला, रस्त्याकडे पाठ करून, चार खुर्च्या टाकता येतील का, एवढंच विचारलं. ते आधी गोंधळले. म्हणाले, "मॅडम, बायका बसल्या तर नेहमीचं गिऱ्हाईक बिचकेल. जागा पण नाही." मी म्हटलं, मगरिबच्या आधीच्या तासाभरापुरतं करून बघा, तेव्हा तुमची गर्दीही नसते. दोन आठवडे काहीच झालं नाही. मग एके दिवशी मुलीने वर्गात येऊन सांगितलं की अब्बांनी लाल प्लास्टिकच्या चार खुर्च्या आणल्या आहेत.

धंदा त्याने फार वाढला असं नाही. कित्येक संध्याकाळी त्या खुर्च्या रिकाम्याच असतात आणि त्यांच्यावर कांद्याची पोती ठेवलेली असतात. पण महिन्यातून दोन-तीनदा अम्मींना घेऊन मी जाते. एकदा आमच्या शाळेतल्या तिघी शिक्षिका आल्या, त्यात एक मराठा समाजातली मैत्रीण होती. तिनेही आजवर पार्सलच खाल्लं होतं. आणि एका संध्याकाळी चौथ्या खुर्चीवर त्या मुलीची आई बसलेली दिसली. तिचा नवरा कढईतून झारा काढत होता. त्याने पहिली प्लेट तिच्या हातात दिली. तिने एक तुकडा खाल्ला, क्षणभर चावत राहिली आणि म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय. उद्या बघते."