ओढ्याकाठी दोन रात्री

गेल्या सप्टेंबरात मुलाने नेवाडातल्या ग्रेट बेसिन नॅशनल पार्कात, स्नेक क्रीक या ओढ्याकाठी तंबूत राहायचे ठरवले. उंचावरचे वाळवंट ते, सॉल्ट लेक सिटीहून चारेक तासांवर. नळ नाही, वीज नाही. एक टेबल, चूल आणि खड्ड्याचा संडास. "आई, तुमचे नियम जमतील का तिथे?" सूनबाईने विचारले. मी पडले बी.कॉम., आधी पाण्याचा हिशेब मांडला. पाच माणसे, दोन दिवस, माणशी रोज ४ लिटर, म्हणजे ४०, वर स्वयंपाकाचे. घरूनच गाळून, उकळून ५५ लिटर नेले.

पाणी पुरले. अडले ते उजेडापाशी. डोंगर पश्चिमेला, त्यामुळे ऊन लवकर गेले. उंचीवर डाळही शिजता शिजेना. खिचडी उतरली तेव्हा मुलाने फोन दाखवला, सूर्यास्ताला अजून १५ मिनिटे होती. पण झाडांखाली ताटात पडलेला किडा दिसला नसता. मी दशमी-चटणी खाऊन आधीच चौविहार घेतला होता. नियम जीव वाचावा म्हणून आहे, घड्याळासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी चारलाच चूल पेटवली.

भांड्यांना ओढ्याचे पाणी, तेही दुहेरी फडक्यातून गाळून. जिवाणी परत तिथेच सोडली. (प्यायला नुसते गाळून चालत नाही बरं, एवढ्या उंचीवर ३ मिनिटे खळखळून उकळावे लागते.) भांडी मात्र ओढ्यापासून २०० फूट लांब घासायची. नात पावले मोजत पुढे, मी बादली घेऊन मागे. मी थांबले की ती म्हणे, "आजी, अजून दहा!"