शांतादुर्गेच्या अंगणात

गोव्याला जायचे म्हटले की मुले समुद्राचा हट्ट धरतात आणि वडीलधारी माणसे मंगेशी-कवळ्याचा. मैत्रिणींनो, दोन्ही साधा. पण कवळ्याला शांतादुर्गेच्या देवळात गेलात, तर नुसती ओटी भरून परत फिरू नका. घटकाभर अंगणात उभ्या राहून देऊळ बघा.

आम्ही नगरची (आताच्या अहिल्यानगरची) माणसे. बागरोजासारख्या निजामशाही इमारतींमुळे घुमट आमच्या नजरेच्या सवयीचा. तोच घुमट इथे देवीच्या देवळावर! त्याच्या पुढे लाल कौलांची उतरती छपरे, भिंतींत चर्चसारख्या अर्धगोल कमानींच्या खिडक्या, त्यांना रंगीत काचा, आत झुंबरे. आणि मजल्यामजल्यांची दीपमाळ तर चर्चच्या घंटाघराची धाकटी बहीणच वाटते.

हे असे कसे झाले? देवी मूळची केळशीची. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा १५६६ साली भक्तांनी नदीपलीकडे अंत्रुज महालात तिला आणले. हा मुलूख त्या वेळी आदिलशाहीत होता. आजचे देऊळ उभे राहिले १७३८ च्या सुमारास, शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने.

म्हणजे बघा हं, ज्यांच्यापायी गाव सोडावे लागले, त्यांच्याच चर्चची कमान पुढच्या पिढ्यांनी देवीच्या देवळाला लावली. दुःख विसरले म्हणून नव्हे. केळशीची आठवण तर अजून सांगितली जाते. पण चांगले दिसले ते घेतले, आणि आपलेसे केले. शिवाय देवी कोण? शंकर आणि विष्णू यांचे भांडण मधे पडून मिटवणारी, म्हणूनच शांता! गाभाऱ्यातही ती दोघांच्या मधोमध आहे.

जवळच फोंड्याला १५६० मधली साफा मशीद आहे, तीही जरूर बघा. देवळाला घुमट, तर मशिदीला कोकणातल्या घरासारखे उतरते कौलारू छप्पर! शेजाऱ्यांनी वाट्या-पातेल्यांची देवाणघेवाण करावी, तसेच हे.

पणजीहून फोंड्याला बस मिळते. तिथून कवळे अगदी जवळ. सकाळी लवकर निघा, मुलांसाठी पाणी आणि कोरडा खाऊ बरोबर ठेवा. आणि खिडकीच्या काचांचे रंग मोजायचे काम त्यांच्यावर सोपवा. तेवढ्या वेळात तुमचे दर्शन निवांत होईल.