मीना अब्दुल्ला: तेल, वाळू आणि एक प्रोपेलर शाफ्ट

मीना अब्दुल्लाला कोणी फिरायला जात नाही. भारतातून सासूबाई-सासरे आले की आपण त्यांना कुवेत टॉवर दाखवतो, सूक मुबारकियात खजूर आणि केशर घेऊन देतो, संध्याकाळी फहाहीलच्या समुद्रकाठी बसवतो. कोणाची ओळख असेल तर खैरानला एखाद्या शालेवर एक रात्र. मीना अब्दुल्ला त्या वाटेवर लागतं, पण तिथे गाडी थांबत नाही. पाहुणे विचारतात, "त्या ज्वाळा कसल्या?" आपण म्हणतो, "रिफायनरी." तेवढ्यात ती मागे पडलेली असते.

गेल्या हिवाळ्यात मात्र आम्ही सलग सात-आठ शुक्रवार मीना अब्दुल्लाला गेलो, तेही मुलांना आणि डब्यांना सोबत घेऊन. कारण होतं आमच्या जुन्या लँड क्रूझरचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट. दिवाळी अंकात शाफ्टवर कोण लिहितं, असं आमच्या ह्यांनीच मला विचारलं. पण कराडच्या शाळेत आठ वर्षं मी भूगोल शिकवलाय, आणि एखादी जागा समजून घ्यायची तर तिथे काय बनतं, काय मोडतं आणि कोण दुरुस्त करतं हे पाहावं, असं मुलांना सांगत आलेय. म्हणून हा लेख.

'मीना' म्हणजे बंदर. कुवेत आणि सौदी अरेबियाच्या मधल्या तटस्थ पट्ट्यातल्या कुवेतच्या वाट्याचा तेलपरवाना १९४८ साली अमिनॉईल या अमेरिकन कंपनीने घेतला. १९५३ साली वफ्राला तेल लागलं आणि ते शुद्ध करून जहाजावर चढवायला १९५८ साली इथे समुद्रकाठी रिफायनरी उभी राहिली. गंमत अशी, की तेव्हा कुवेतमध्ये चलन आपला रुपया होता. १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया छापला गेला तोही रिझर्व्ह बँकेचाच, आणि दिनार आला १९६१ मध्ये. अमिनॉईलचं राष्ट्रीयीकरण १९७७ साली झालं, पुढच्या वर्षी रिफायनरी कुवेत नॅशनल पेट्रोलियमकडे आली. १९९०-९१ च्या आक्रमणात तिची मोठी हानी झाली आणि ती पुन्हा उभी केली गेली. अलीकडच्या विस्तारानंतर तिची क्षमता दिवसाला साडेचार लाख बॅरलच्या वर गेली आहे. आपल्या मंडळातल्या किती घरांची चूल या एका गावावर पेटते, ते मोजायला बसलं तर गणपतीच्या वर्गणीची अर्धी यादी होईल.

रिफायनरीच्या मागच्या अंगाला ठेकेदारांची यार्डं आहेत. क्रेन, टँकर, पाण्याच्या गाड्या, कंटेनरच्या उतरंडी आणि पत्र्याच्या शेडमधले वर्कशॉप. त्यातल्या एका शेडचे फोरमन दापोलीकडचे आहेत. सगळं यार्ड त्यांना 'चाचा' म्हणतं, आम्हीही. घरी कोकणी बोली, कामावर उर्दू, साहेबांशी अरबी आणि माझ्याशी शुद्ध मराठी बोलण्याचा प्रयत्न. अवजड गाड्यांत त्यांची एकतीस वर्षं गेली आहेत.

आमची गाडी १९९६ ची. सात माणसं, पाण्याचे कॅन, टपावर तंबू आणि दोन स्टेपन्या असा संसार चढला की वजन तीन टनांच्या आसपास जातं. आमच्या आधीच्या कुणीतरी तिच्या स्प्रिंगा बदलून ती चार इंच उंच केली होती. दिसायला रुबाबदार. पण ताशी ऐंशीच्या पुढे पायाखालून एक गुरगुर सुरू व्हायची आणि शंभरला आरसा थरथरायचा. टायर बॅलन्स केले, गुरगुर तशीच. शेवटी ह्यांनी ती चाचांकडे नेली.

चाचांनी गाडीखाली न जाता आधी ती यार्डात गोल फिरवली. मग म्हणाले, "भाभी, ऐका. टायर रडतंय तेव्हा आवाज वेगळा. हा शाफ्ट बोलतोय."

त्यांनी नंतर खाली सरकून दाखवलं ते मला लगेच कळलं, कारण आमच्या घरी शेती आहे. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडतात तो मागचा फिरता दांडा आठवा. दोन्ही टोकांना अधिकच्या चिन्हासारखा एक क्रॉस असतो, त्यामुळे दांडा वाकड्या कोनातही फिरतो. गाडीचा प्रोपेलर शाफ्ट तसाच. या सांध्याला कार्डन म्हणतात ते सोळाव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञ कार्डानोवरून. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने त्याचा अभ्यास केला, आणि १९०३ साली अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसरने मोटारीसाठी त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी बऱ्याच मोटारी सायकलसारख्या साखळीवर चालत.

या सांध्याची एक खोड आहे. सांधा वाकलेला असताना अलीकडची बाजू एकसारखी फिरली तरी पलीकडची एका फेऱ्यात दोनदा पुढे पळते आणि दोनदा मागे रेंगाळते. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्का, २० अंशांचा असेल तर सहा टक्के. कोन दुप्पट, तर फरक चौपट. म्हणून शाफ्टला दोन्ही टोकांना एकेक सांधा देतात आणि दोघांचे कोन सारखे ठेवतात. पहिल्याने घातलेला गोंधळ दुसरा निस्तरतो. आमची गाडी उंच केली तेव्हा दोन्हीकडचे कोन वाढले आणि वेगवेगळे झाले. शंभरच्या वेगाला हा शाफ्ट मिनिटाला अडीच हजारांच्या वर फेरे घेतो, आणि या गाडीत तो डांबरी रस्त्यावरही फिरतच असतो. प्रत्येक फेऱ्याला दोन हिसके. क्रॉसच्या टोपीतल्या सुईएवढ्या बेअरिंगांनी ते किती दिवस सोसावेत?

"तुटला तर काय होईल?" मी विचारलं.

"मागचा तुटला तर गाडी थांबेल. पुढचा पुढून सुटला आणि टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उचलेल," चाचा म्हणाले. त्या सीटवर माझी दोन मुलं बसतात. त्या दिवसापासून गाडी यार्डातच राहिली.

उपाय दोन होते. एक, जाड नळीचा, मोठ्या क्रॉसचा शाफ्ट बनवून घ्यायचा. दुसरा, गिअरबॉक्सकडच्या टोकाला एकाऐवजी पाठोपाठ दोन सांधे असलेला डबल कार्डन शाफ्ट बसवायचा. त्यात कोन दोघांत वाटला जातो आणि हिसका तिथल्या तिथे मिटतो. पण मग खालचं टोक शाफ्टच्या जवळजवळ सरळ रेषेत यायला हवं. ह्यांचा जीव जाड शाफ्टवर. नुसतं 'मजबूत' म्हटलं की पुरुषमाणसांना बरं वाटतं.

चाचांनी सरळ नाही म्हटलं. आपल्याकडे मीना अब्दुल्लाच्या आसपास किनाऱ्याला सबखा आहे, म्हणजे खारी दलदल. वरून पापुद्रा कोरडा, खाली चिखल. चाक आत फिरत असतं, ड्रायव्हर पाय दाबून असतो, आणि अचानक चाकाला घट्ट जमीन सापडते. त्या क्षणी सगळा झटका शाफ्टमधून जातो. शाफ्ट जाड केला तर झटका नाहीसा होत नाही, पुढे सरकतो. क्रॉस वाचला तर डिफरन्शियलचे दात जातात, नाहीतर अ‍ॅक्सल. "क्रॉस अर्ध्या तासात वाळूत बसून बदलता येतो," ते म्हणाले. "दात गेले तर टो करून आणायची. कुठे तुटावं हेपण ठरवायला लागतं."

म्हणून ठरलं ते असं: गाडीची उंची चारवरून दोन इंचांवर आणायची, डबल कार्डन शाफ्ट बसवायचा आणि क्रॉस कंपनीच्या मापाचाच ठेवायचा. रुबाब दोन इंच कमी झाला. घरात दोन दिवस शांतता होती.

मग सुरू झाली सामानाची शोधाशोध. शुवैख इंडस्ट्रियल ज्यांनी पायी पाहिलं नाही त्यांनी एकदा जरूर पाहावं. गल्लीच्या गल्ल्या सुट्या भागांच्या. पाकिस्तानी, इराणी, इजिप्शियन, बांगलादेशी आणि आपले लोक, आणि सगळ्यांची मिळून एक बाजारी उर्दू. पंक्चरला 'बंचर', ड्रायव्हरला 'दरेवल' आणि टायरला 'तायर' हे कुवेती शब्द तिथे सारखे कानावर पडतात. इथे गाडीचं नाव सांगून भाग मागितला तर चार वेगवेगळे भाग समोर येतात. चाचांनी मला व्हर्निअर कॅलिपर दिला आणि सांगितलं, नाव विचारू नका, माप घ्या. क्रॉसच्या टोपीचा व्यास, टोपीपासून टोपीपर्यंत लांबी, आणि लॉक आतून बसतं की बाहेरून. या तीन गोष्टी कागदावर असल्या की दुकानदार फसवत नाही आणि स्वतःही फसत नाही. अमेरिकन मापांत तर दोन क्रॉसच्या टोप्यांचा व्यास सारखा, १.१८८ इंच, आणि लांबी मात्र वेगळी: एकाची ३.६२५, दुसऱ्याची ४.१८८. नुसत्या डोळ्यांनी टोपी पाहून घेतलेला क्रॉस घरी येऊन बसतच नाही.

एका दुकानात खोक्यावर जपानी नाव आणि आत भलतंच सामान निघालं. टोपी हाताने फिरवली तर खरखरत होती. दुकानदार म्हणाला, "चलेगा, मॅडम." मॅडमनी कॅलिपर लावला, टोपी फिरवून त्याच्याच कानाशी धरली आणि खोकं परत केलं.

डबल कार्डनचा शाफ्ट जहराच्या वाटेवरच्या अमघरा स्क्रॅपमध्ये मिळाला, एका लहान जीपचा. लांबीला कमी आणि फ्लँजची भोकं वेगळी. लेथवाल्याकडे नळी कापून नवी घातली, फ्लँज पुन्हा भोकं पाडून घेतली. वेल्डिंगनंतर दोन्ही टोकं एकाच रेषेत आहेत ना, हे पाहायचं असतं. नळी जराशी पिळून जोडली गेली तरी सगळा खटाटोप वाया. शेवटी बॅलन्सिंग मशीनवर छोटे वजनाचे तुकडे लावले. क्रॉस मात्र साताऱ्याहून आले. तिथल्या औद्योगिक वसाहतीत असे शाफ्ट बनतात, आणि माझा भाऊ तिथेच नोकरीला आहे. माप व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं आणि नणंदेच्या बॅगेत चकली-भाजणीच्या खाली सहा क्रॉस आले. कस्टमच्या माणसाने विचारलं, "हे काय?" वन्सं म्हणाल्या, "वहिनीने मागवलंय." तो बराच वेळ हसत होता.

शाफ्ट बसला त्या शुक्रवारी चाचांनी मुलाच्या हातात ग्रीसगन दिली. चारही टोप्यांतून जुनं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत दाबायचं, हा नियम. २०१६ च्या जुलैत मित्रिबाला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, त्या देशात ग्रीस पातळ होऊन गळतं आणि तूझची बारीक धूळ त्याच्यावर बसून सांध्यात पॉलिश पेपरचं काम करते. वाळवंटातून आलं की आधी ग्रीस, मग आंघोळ.

जानेवारीत पाच कुटुंबं वफ्राच्या बाजूला कश्त्याला गेलो. शंभरला आरसा स्थिर होता. टायरची हवा उतरवून मऊ वाळूत दोन वेळा फसलो, दोन्ही वेळा फावड्याने निघालो, पाय दाबून नाही. मुलांना एकच ताकीद होती: वाळूत लोखंडाचा कुठलाही तुकडा दिसला तरी हात लावायचा नाही. १९९१ चं युद्ध या वाळूत अजून कुठेकुठे पुरलेलं आहे, आणि पावसानंतर ते वर येतं.

चाचा या मार्चमध्ये कायमचे दापोलीला जाताहेत. २०२१ पासून साठी ओलांडलेल्या, पदवी नसलेल्या परदेशी कामगारांच्या परवान्याचे नियम कडक झाले. पुढे ते बदलत राहिले, पण दरवर्षी त्या टांगणीला लागून राहायचा त्यांना कंटाळा आलाय. माझ्याकडे एम.ए.ची पदवी आहे आणि मी घरी असते. त्यांच्याकडे ती नाही, आणि अख्खं यार्ड त्यांच्या कानावर चालतं. यावर काय म्हणावं ते मला सुचत नाही. म्हणून मी एक वही घातली आहे. गुरुवारी रात्री फोनवर ते सांगतात, मी लिहिते: कुठल्या टँकरचा क्रॉस कुठल्या मापाचा, कुठल्याला काय पर्यायी बसतं, आवाजावरून दोष कसा ओळखायचा. आतापर्यंत चौऱ्याण्णव नोंदी झाल्या. त्यांच्या हाताखालचा बिहारचा मुलगा देवनागरी वाचतो, त्यामुळे वही यार्डातच राहणार आहे.

तुमच्यापैकी कोणी जुनी फोर-बाय-फोर घेत असाल तर घेण्याआधी तीन गोष्टी करा. ती उंच केली आहे का, ते विचारा. गाडी बंद, हँडब्रेक लावलेला, गिअर न्यूट्रल, अशा स्थितीत शाफ्ट हाताने धरून हलवून पाहा. सांध्यात खडखड आली तर क्रॉस गेलेला आहे. आणि ऐंशी ते शंभरच्या दरम्यान रेडिओ बंद करून ऐका. मार्चपर्यंत आलात तर चाचाच ऐकतील. येताना डबा आणा. त्यांना पुरणपोळी आवडते, पण दुधाबरोबर नाही, कटाच्या आमटीबरोबर.