तिगावहून काळ्या पाण्याकडे

अंदमानच्या तुरुंगाचे नाव आमच्या तिगाव-पांढुर्ण्याकडील घराघरांत ठाऊक आहे. परंतु तो प्रत्यक्ष पाहून आलेला मनुष्य विरळा. कारण विचारावे तर उत्तर ठरलेले असते: "आमच्यापाशी कुठे मोटार आहे?" वस्तुतः ज्याच्या दारी मोटार उभी आहे त्यालाही ती घेऊन तेथे जाता येत नाही. समुद्राच्या काठी बागायतदार आणि त्याच्या संत्र्याच्या बागेतील मजूर हे दोघेही सारखेच पायउतार होतात. तेव्हा ज्यांस गाडी हाकता येत नाही, त्यांनीच हा प्रवास आधी मनात धरावा असे आम्हांस वाटते.

मात्र या प्रवासाची आखणी शेवटच्या टोकाकडून करावी लागते. आधी आगबोट, मग आगगाडी. चेन्नईहून अंदमानास जाणाऱ्या सरकारी बोटी महिन्यातून मोजक्याच सुटतात आणि त्यांच्या तारखा मागेपुढे होतात. बोटीचे तिकीट हाती आल्यावाचून रेल्वेचे आरक्षण करू नये, आणि मध्ये एक दिवस मोकळा ठेवावा. तिगावचे स्थानक लहान. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथून धडधडत निघून जातात. यास्तव पांढुर्णा गाठावे, नाहीतर सरळ सुमारे १०० किलोमीटरवरील नागपूरच गाठावे. नागपुराहून बल्लारशाह, वरंगळ, विजयवाडा या वाटेने गाडी चेन्नईस पोहोचते. चेन्नई सेंट्रलच्या समोरच पार्क नावाचे लोकलचे स्थानक आहे. तेथून फोर्ट, आणि त्यापुढचे बीच. बीच स्थानकातून बाहेर पडले की रस्त्यापलीकडे बंदर. ओळखपत्र खिशात असावे, सामान बेताचे असावे.

बोटीवर स्वस्तातली जागा म्हणजे 'बंक'. एका प्रशस्त दालनात एकावर एक रचलेल्या झोपण्याच्या फळ्या, आणि त्यांवर तमिळ, बंगाली, तेलुगू बोलणारी कुटुंबे. सुमारे १,२०० किलोमीटरचा समुद्र ओलांडावयास अडीच-तीन दिवस लागतात. हेच अंतर विमान दोन-सव्वादोन तासांत कापते. ज्यास रजा थोडी आहे किंवा ज्याची प्रकृती नाजूक आहे, त्याने खुशाल विमानाने जावे. पहिल्या दिवशी पोटात जे ढवळते ते काही कोणा सहप्रवाशाच्या सांगण्याने थांबत नाही. पावसाळ्याचे दिवस तर टाळावेतच. पण ज्यास शक्य आहे त्याने निदान जाताना तरी बोटच धरावी. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कठड्याशी उभे राहिलो, तेव्हा चारी दिशांस पाण्यावाचून काही नव्हते. संध्याकाळी पुन्हा येऊन पाहिले, तेच पाणी. त्या तुरुंगाची खरी भिंत कोणती, हे तेथे उमगले. विमानाच्या खिडकीतून ती भिंत दिसत नाही.

१० मार्च १८५८ रोजी सत्तावन्नच्या उठावातील २०० बंदी घेऊन पहिले जहाज त्या बेटांस लागले. सेल्युलर जेलची इमारत फार पुढची. १८९६ साली तिचे काम सुरू झाले आणि १९०६ साली संपले. विनायकराव सावरकरांस १९११ च्या जून महिन्यात आगगाडीने मद्रासला नेले. तेथून 'महाराजा' नावाच्या बोटीने ते ४ जुलैस अंदमानात पोहोचले. त्यांचे वडील बंधू बाबाराव तेथे आधीपासून होते. आमच्या तिगावावरून तेव्हा रेल्वे गेलेली नव्हती. इटारसी-नागपूर मार्ग १९२० च्या दशकातला. पण मद्रासेपासून पुढची पाण्याची वाट तीच, जी आज आपण तिकीट काढून चालतो.

या वाटेने येण्यासाठी एक बाई दहा वर्षे थांबली होती. बाबारावांच्या पत्नी यशोदाबाई, ज्यांना घरात येसूवहिनी म्हणत, १९०९ पासून पतीच्या भेटीची आस धरून होत्या. १९१९ साली भेटीची परवानगी आली; परंतु ती येण्यापूर्वीच त्यांचे देहावसान झाले होते. धाकटे बंधू नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई बोटीने गेल्या, तेव्हा वहिनी कुठे आहे असे बाबारावांनी विचारले, आणि उत्तर काय ते त्यांना तेथे कळले. तुरुंगाच्या इतिहासात कोलूचे, फटक्यांचे वर्णन पुष्कळ सापडते. आम्हांस मात्र त्या तीन दिवसांच्या पाण्यावर या न आलेल्या पाहुणीचीच आठवण अधिक झाली.

बोट हॅडोच्या धक्क्यास लागते. शहराचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम् झाले असले, तरी रिक्षावाल्यास पोर्ट ब्लेअर म्हटले तरी कळते. धक्क्यापासून तुरुंग काही मैलांचाही नाही; शहरात बसगाड्या आहेत, आणि सामान ठेवून आलेल्यास पायी जाणेही अवघड नाही, शेवटचा चढ तेवढा आहे. बंद्यांना हाच चढ बेड्या घालून चढावा लागे.

मूळ सात कक्ष चाकाच्या आऱ्यांसारखे एका मनोऱ्यापासून निघत. आज तीनच उरले आहेत. प्रत्येक कक्षाच्या कोठड्यांचे तोंड शेजारच्या कक्षाच्या पाठीकडे, म्हणजे बंद्यास दुसऱ्या बंद्याचा चेहरा दिसू नये. दाराची कडी भिंतीत इतकी दूर नेऊन अडकविली आहे की गजांतून हात घालून ती सापडत नाही. ज्याने ही कडी योजिली तो बुद्धिमान खराच; त्या बुद्धीची आम्हांस भीती वाटली. एका कोठडीत उभे राहून दार लोटून घ्यावे. तेवढे पुरे होते. बंगालचे इंदुभूषण राय १९१२ साली अशाच एका कोठडीत गळफास घेऊन गेले. उल्लासकर दत्त यांचे मन तेथे ढळले. कोलूस जुंपलेल्या माणसाकडून दिवसाला ३० पौंड खोबरेल मागत. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह बळजबरीने दूध पाजताना मेले.

११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली. मनोऱ्यात बंद्यांची नावे प्रांतवार संगमरवरावर कोरली आहेत. आम्ही आपल्या सवयीने मराठी नावे शोधली. दोघे सावरकर, नाशिक कटातील वामनराव जोशी, अशी थोडीच. बंगालची यादी मात्र पाटीमागून पाटी चालतच राहते. वाचता वाचता मान अवघडते. येथे घाई करू नये. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनीचा कार्यक्रम नंतरही पाहता येईल.

परतीच्या बोटीची चौकशी धक्क्यावर उतरताच करावी. ती चुकली तर पुढच्या बोटीपर्यंत बेटावरच थांबावे लागते.